ज्युरीची यादी कोण करते? #थ्रेड

१/ फौजदारी खटल्यातील ज्युरीची नावे आरोपीपासून गुप्त ठेवावीत काय? अमेरिकेतील न्यायालयांपुढे हा प्रश्न अनेकदा आला आहे. माझ्या मते, त्याचा विचार करताना मुंबईत चाललेले लोकमान्य टिळकांवरील दोन खटले आठवावेत.

२/ १८९७. आरोप राजद्रोहाचा, न्यायाधीश स्ट्रॅची. नऊ जणांच्या ज्युरीत सहा युरोपीय, तीन भारतीय. सहा युरोपीयांनी टिळकांना दोषी ठरविले, तिन्ही भारतीयांनी निर्दोष. शिक्षा : १८ महिने सक्तमजुरी.

३/ एकमताची अट नव्हती. सहा जणांचे मत व त्यास न्यायाधीशांची संमती एवढे पुरत असे. म्हणजे त्या सहा जागांवर कोण बसणार, हे ठरले की निम्मा खटला तिथेच संपे.

४/ १९०८. ‘केसरी’तील लेखांवरून पुन्हा राजद्रोह. सरकारपक्षाने विशेष ज्युरी मागितली. तिच्या यादीत युरोपीयांचे प्राबल्य आणि लेख तर मराठी, म्हणून बचावपक्षाने विरोध केला. न्या. दावर यांनी सरकारची मागणी मान्य केली.

५/ ज्युरीत सात युरोपीय, दोन पारशी. लेख त्यांच्यापुढे आले ते इंग्रजी भाषांतरातून. टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला आणि भाषांतरातील दोषांवर बोट ठेवले. २२ जुलैच्या रात्री निकाल लागला : सात विरुद्ध दोन. सहा वर्षे काळे पाणी.

६/ हा हिशेब आज मांडता येतो, कारण ज्युरीत कोण बसले होते हे उघड होते.

७/ आता न्यूयॉर्क, १९७७. अमली पदार्थांचा व्यापारी लेरॉय बार्न्स याच्या खटल्यात ज्युरीची नावे व पत्ते गुप्त राहिले. इतकेच नव्हे, ज्युररांचा धर्म आणि वांशिक पार्श्वभूमी विचारण्यासही न्यायाधीशांनी मनाई केली. १९७९ मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने हे ग्राह्य धरले.

८/ ज्युररांना वाटणारी भीती खोटी नसते. जिवाच्या धास्तीने दिलेला निकाल हा न्याय नव्हे. म्हणून नाव-पत्ता झाकणे मला मान्य आहे. परंतु व्यवसाय, भाषा, समाज आणि मूळ यादी हेही झाकले, तर आरोपीने हरकत घ्यायची ती कशाच्या आधारे? शिवाय या गुप्ततेमुळेच ‘आरोपी भयंकर असला पाहिजे’ असा ग्रह ज्युरीच्या मनात साक्षीपुराव्याआधी रुजू शकतो.

९/ टिळकांच्या खटल्यांत सारे उघड असूनही अन्याय टळला नाही, हे खरे. उघडपणा पुरेसा नसतो. पण तो नसेल तर अन्याय सिद्धही करता येत नाही.

१०/ आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला स्थान उरले नाही. ती परत आणावी असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी एवढेच सांगावे : यादी कोण करणार, आणि ती आरोपीला तपासता येणार काय? (समाप्त)