हॉस्पिटलचे 22 हजार मंजूर, चष्म्याचे 2600 नामंजूर

नेवासा तालुक्यातले एक काका गेली बारा वर्षं माझ्याकडे मधुमेहासाठी येतात. वय 61. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतात, स्वतःच भरतात, स्वतःच टोचतात. गेल्या पावसाळ्यात गोठ्यात त्यांचा चष्मा पडला आणि गायीने त्यावर पाय दिला. दुकानदाराने नव्या बायफोकल चष्म्याचे 2600 रुपये सांगितले. घरातल्या चौघांचा मेडिक्लेम आहे, वर्षाला 31 हजार हप्ता. म्हणून काकांनी एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, "कागद द्या, पाठवून बघू." कांद्याच्या रोपांवर पैसा गेलेला होता, काका थांबले.

तीन आठवड्यांनी पहाटे काकूंचा फोन आला. काका घामाने निथळलेले, हाक मारली तर ओ देत नव्हते. साखर निघाली 38. सिरिंजवरच्या बारीक रेघा न दिसल्यामुळे रात्री 14 ऐवजी 24 युनिट इन्सुलिन भरलं गेलं होतं. दोन दिवस ॲडमिट राहावं लागलं. वेळेत आणलं म्हणून मेंदूला इजा झाली नाही.

हॉस्पिटलचं बिल 22 हजारांच्या आसपास झालं. ते विमा कंपनीने विनातक्रार भरलं. त्याच आठवड्यात चष्म्याबद्दलचं पत्र आलं : हा खर्च पॉलिसीच्या अपवादांत येतो, सबब नामंजूर.

काका मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, म्हणजे पडल्यावर उचलायला पैसे आहेत, पडू नये म्हणून नाहीत." मला यावर उत्तर सुचलं नाही. हा लेख त्यासाठीच.

कंपनी नियमानेच वागली, आणि दुखणं तेच आहे

आपल्याकडचा आरोग्य विमा हा मुळात हॉस्पिटलात भरती होण्याचा विमा आहे. ओपीडीतली तपासणी, गोळ्या, चष्मा, श्रवणयंत्र हे साध्या पॉलिसीत सहसा बाहेरच असतं. 2019 साली विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, अपवादांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातला 15 व्या क्रमांकाचा अपवाद नजरेच्या नंबराबद्दल आहे : 7.5 पेक्षा कमी नंबर घालवण्यासाठीच्या उपचारांचा खर्च मिळणार नाही. म्हणजे उणे 8 नंबरवाल्याच्या लेसर शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो. पण त्याच माणसाचा चष्मा फुटला तर खिशात हात घालायचा त्यानेच.

मोतिबिंदूचं बघा. ऑपरेशनचा खर्च मर्यादेत मिळतो. 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत ही मर्यादा एका डोळ्याला विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40 हजार, यांतली कमी असेल ती. डिस्चार्जनंतर 60 दिवसांपर्यंतची औषधं, ड्रॉप, तपासण्याही मिळतात. महिना-दीड महिन्याने डोळा स्थिरावला की डॉक्टर वाचायच्या चष्म्याचा नंबर काढून देतात. ही त्या उपचाराची शेवटची पायरी असते. आणि नेमकी तीच पायरी वगळलेली.

आता ही तुलना करा. तुमच्या गाडीची पुढची काच फुटली तर फुल विम्यात तिचे पैसे मिळतात. गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवरची काच फुटली तर मिळत नाहीत.

चष्मा म्हणजे हौस नव्हे

चष्म्याला अजूनही आपण दागिन्याच्या रांगेत बसवतो. मी फिजिशियन आहे, डोळ्यांचा डॉक्टर नाही. तरी चष्म्याअभावी झालेले घोळ माझ्या ओपीडीत दर आठवड्याला येतात. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी अदलाबदल झालेली. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं प्रमाण अंदाजाने घेतलेलं. रात्री उंबऱ्याला अडखळून खुब्याचं हाड मोडलेलं.

पैशाच्या भाषेतही पुरावा आहे. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या 751 कामगारांवर एक अभ्यास झाला. 2018 साली तो 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आला. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची पानं खुडण्याची क्षमता, न दिलेल्यांच्या तुलनेत, सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. घोडेगावच्या बाजारात कांदा निवडणाऱ्या बाईचं किंवा पाथर्डीतल्या शिंप्याचं काम काही वेगळ्या डोळ्यांनी होत नाही.

सरकारलाही हे उमगलेलं दिसतं. 22 सप्टेंबर 2025 पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, आणि वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी पूर्ण गेला. करखात्याने चष्म्याला गरजेच्या वस्तूंत बसवलं. विमा कंपन्यांनी कधी बसवायचं?

दुसरी बाजूही ऐकू

विमावाले म्हणतात, विमा हा अचानक येणाऱ्या मोठ्या खर्चासाठी असतो. चष्मा प्रत्येकाला कधी ना कधी लागतोच. सगळेच क्लेम करू लागले तर हप्ता वाढेल, खोटी बिलंही येतील. यात तथ्य आहे. दर वर्षी नवी ब्रँडेड फ्रेम विम्यातून मिळावी असं मीही म्हणत नाही.

पण मग वार्षिक तपासणी बऱ्याच पॉलिसींत 'मोफत' कशी देता? तीही ठरलेलीच असते. देता, कारण आजार लवकर सापडला तर पुढचा मोठा क्लेम वाचतो. हाच हिशेब चष्म्याला लावा. काकांच्या बाबतीत 2600 रुपये वाचवायला गेलेल्या कंपनीने 22 हजार भरले.

राहिला प्रश्न गैरवापराचा. त्यावर मर्यादा घालता येते. फ्रान्समध्ये 2020 पासून ठरावीक दर्जाचा चष्मा पूरक विमा असलेल्यांना पदरचे पैसे न घालता मिळतो. मोठ्यांना साधारणपणे दोन वर्षांतून एकदा, आणि फ्रेमच्या किमतीला कमाल मर्यादा.

माझी मागणी याहून लहान आहे. मोतिबिंदूनंतरचा पहिला चष्मा ऑपरेशनच्या खर्चात धरा. लहान मुलं आणि इन्सुलिन घेणारे मधुमेही यांना दोन वर्षांतून एक साधा चष्मा द्या, वाटल्यास 2000 रुपयांची मर्यादा घाला. आणि हे काहीच देणार नसाल तर पॉलिसी विकतानाच मोठ्या अक्षरांत सांगा. बारीक अक्षरं वाचायलाही चष्माच लागतो!

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

1. पॉलिसीसोबत 'कस्टमर इन्फर्मेशन शीट' मिळते. त्यातला अपवादांचा भाग वाचा, नाहीतर मुलाकडून वाचून घ्या. "सगळं कव्हर आहे" हे एजंटाचं वाक्य कागदावर मागा. पटलं नाही तर पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत परत करता येते.

2. ओपीडीचं जादा कव्हर घेण्याआधी हिशेब करा. समजा, त्यासाठी वर्षाला 4000 जास्त भरायचे आणि चष्म्याची मर्यादा 2000 असेल, तर निव्वळ चष्म्यासाठी तो तोट्याचा सौदा आहे.

3. वय 65 किंवा जास्त आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदा 3000 रुपये मिळण्याची तरतूद आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना मोफत चष्मे देतात, शाळेत विचारा.

4. मधुमेह असेल तर साखर चढलेली असताना नंबर काढू नका. साखर वरखाली झाली की डोळ्यातल्या भिंगाची जाडी बदलते आणि नंबरही सरकतो. साखर आटोक्यात आल्यावर महिनाभर थांबून मग चष्मा करा. घाईत केलेला चष्मा पुढे कपाटातच पडतो.

5. जुना चष्मा टाकू नका, तो अडीनडीला कामी येतो. नंबरच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी, चष्मा नसेल त्या दिवशी सिरिंज दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यावीच.

काकांनी शेवटी चष्मा केला, स्वतःच्या पैशाने. आता दोन ठेवतात, एक घरात आणि एक फडताळात इन्सुलिनच्या सिरिंजशेजारी. तुमचाही चष्मा फुटला असेल तर विम्याच्या पत्राची वाट बघू नका. आधी चष्मा करा, भांडण मागाहून करू. पण करू नक्की.