करवली कुणाला करायची?

दुपारचं मागचं आवरलं, भांडी पालथी घातली, की चारच्या चहापर्यंतचा वेळ माझा. त्या वेळात गेल्या महिन्यात दोन जुनी पुस्तकं वाचून झाली. दोन सख्ख्या बहिणींनी लिहिलेली. थोरल्या आनंदीबाई कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या 'बाया'; त्यांचं 'माझे पुराण' १९४४ सालचं. धाकट्या पार्वतीबाई आठवले. त्यांची 'माझी कहाणी' त्याच्याही आधीची, १९२८ सालची. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "अहो, ही पुस्तकं हल्ली कुणी नेत नाही." म्हटलं, मग मला जरा जास्त दिवस ठेवता येतील!

नेमकी त्याच सुमारास इथे सिन्नरला, पलीकडच्या गल्लीत, थोरल्या दिरांच्या घरी माझ्या पुतणीच्या लग्नाची गडबड सुरू झाली. याद्या झाल्या, बस्ता बांधून झाला, पुण्याच्या रस्त्यावरचं लॉन्स ठरलं. देण्याघेण्यावरून कुठे शब्दाला शब्द लागला नाही. घोडं अडलं ते करवलीपाशी.

तुम्ही म्हणाल, करवलीवरून अडायला झालं काय? आपल्या वेळी घरातली धाकटी बहीण नवं परकर-पोलकं घालून करा हातात घेऊन मागे उभी राहायची. करा धरते ती करवली, एवढा साधा हिशेब. पण आता 'ब्राइडमेड'ची टूम निघाली आहे. नवरीच्या मागे पाच-सहा मुली, सगळ्यांच्या एका रंगाच्या साड्या, एकसारखी केशरचना. आमच्या पुतणीच्या मैत्रिणींनी दुकानात साड्या पसंतसुद्धा करून ठेवल्या होत्या, एकेक साडेतीन हजारांची. आता त्यातल्या दोघी कारखान्यात नोकरीला, त्यांना जड नाही. पण एकीचे वडील आजारी आणि आई अजून विड्या वळते. तिने कुठून आणायचे साडेतीन हजार, एका दिवसासाठी? आणि नाही म्हणणार कशी, मैत्रिणीचं लग्न!

तेव्हा पहिली गोष्ट सांगून ठेवते. करवलीची साडी हा लग्नघराने द्यायचा मान आहे, तिच्याकडून वसूल करायची वर्गणी नव्हे. द्यायला जमत नसेल तर नुसता रंग ठरवावा आणि ज्या त्या मुलीला आपल्या, आईच्या किंवा आजीच्या कपाटातली त्या रंगाची साडी नेसू द्यावी. आम्ही आमसुली रंग ठरवला. एकीने आजीचं इरकल काढलं, एकीने आईची लग्नातली येवल्याची पैठणी. फोटोत सहा साड्यांच्या सहा तऱ्हा दिसतात आणि मला तरी ते एकसारख्या पडद्यांपेक्षा बरं दिसलं.

पण खरी अडचण साडीची नव्हतीच.

पुतणीने एके दिवशी जेवताना सांगून टाकलं, "काकू, बाकीच्या उभ्या राहतील तशा राहू देत. पण माझ्या मागे करा घेऊन ताईच उभी राहणार."

ताई म्हणजे तिची आत्येबहीण, माझ्या नणंदेची मुलगी. पुतणीला पाढे हिने शिकवले, बारावीचं गणित हिने करून घेतलं, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला नाशिकला हीच घेऊन गेली. २०२१ सालच्या करोनाच्या लाटेत तिचा नवरा आठ दिवसांत गेला. पदरात लहान मुलगा. शिवणाच्या मशीनवर घर चालवते. पुतणीच्या लग्नातले सगळे ब्लाउज तिनेच शिवायला घेतलेले!

जाऊबाईंच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. त्या वाईट नाहीत हो. नुसत्या म्हणाल्या, "अगं, पण मांडवात… लोक काय म्हणतील?" दिरांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला तो लवकर खाली ठेवला नाही. पुरुषांना अशा वेळी फार तहान लागते.

मी घरी आले आणि 'माझी कहाणी' उघडली. थोरली बहीण, माहेरची गोदूबाई, आठव्या वर्षी लग्न झालं आणि तीन महिन्यांत कपाळ पांढरं. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात ती शिकली आणि ११ मार्च १८९३ ला पुण्यात धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. कायदा १८५६ पासून होता, तरीही मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. धाकटी बहीण पार्वतीबाई, तीही ऐन तारुण्यात विधवा झालेली. तिने पुनर्विवाह केला नाही. ती हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडली. इंग्रजी येत नसताना १९१८ साली अमेरिकेला गेली, तिथे लोकांची घरकामं करून राहिली आणि आश्रमासाठी पैसे घेऊन आली. अशा बाईच्या शब्दावर लोक तिच्या हातात पैसे ठेवत होते. पण त्या काळच्या रिवाजाने तिच्या हातात कुणी करा दिला असता का? वाचता वाचता माझं बोट तिथेच अडकलं.

आणि मला माझ्या आजीची पाठराखीण आठवली. आजीचं लग्न १९२१ सालचं, तेव्हा ती अकरा वर्षांची. शारदा कायदा १९३० ला अमलात आला, त्यानेही मुलीचं वय चौदाच धरलं होतं. अठरा व्हायला १९७८ साल उजाडलं. एवढ्याशा पोरीला परक्या घरी एकटं कसं धाडायचं, म्हणून पाठराखीण द्यायची. तिने पोरीजवळ झोपायचं, तिची वेणी घालायची, रडली तर उगी करायचं, सासरी कोण कसं आहे ते बघून यायचं. आजीबरोबर गेली ती तिची आत्या. आलवण नेसणारी, बालविधवा. पंधरा दिवस राहिली. आजी म्हातारपणीसुद्धा आईच्या आधी तिचं नाव काढायची. पण मुहूर्ताच्या वेळी ती आत्या कुठे होती? तर मागच्या पडवीत. म्हणजे रात्री-अपरात्री पोरीला सांभाळायला तिची सावली चालत होती, अक्षता पडताना तेवढी चालत नव्हती.

मैत्रिणींनो, ही काही १९२१ सालचीच गोष्ट नाही. आमच्या भाचीने शिवलेलं ब्लाउज नवरीच्या अंगावर चालतं. हळदीला शंभर माणसांचा स्वयंपाक तिच्या देखरेखीखाली चालतो. काम द्यायला आपल्याला कधी अपशकुन होत नाही. मान द्यायची वेळ आली की होतो.

हे मी दुसऱ्या दिवशी मोठ्या तावात सासूबाईंना सांगायला गेले. त्या एक्क्याऐंशीच्या. वाटलं, विरोध होईल तो त्यांचाच होईल. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "धाकट्याच्या लग्नात मी कोठीच्या खोलीत लाडू मोजत होते. तुला आठवतं का?"

मला आठवतं. मामंजी १९९४ ला गेले, धाकट्या भाऊजींचं लग्न १९९७ चं. मुलाचं लग्न आणि आई कोठीत. "मला कुणी आत बस म्हणालं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या, "पण बाहेर ये असंही कुणी म्हणालं नाही. अष्टकं ऐकू येत होती. अकराशे लाडू मी दोनदा मोजले."

मी त्या लग्नात पुढे पुढे मिरवत होते, जरीची साडी नेसून. कोठीतून तुपाचा डबा आणायला दोनदा आत गेले होते. डबा घेतला आणि बाहेर आले. मला एकदाही सुचलं नाही. आज अठ्ठावीस-तीस वर्षांनी पुस्तकं वाचून मी त्यांना शिकवायला निघाले होते!

तर घरातला विरोध म्हणाल तर तो असा विरघळला. पण भाचीच तयार होईना. मला म्हणाली, "मामी, आता तुम्ही हौसेने उभं कराल. उद्या तिच्या संसारात कुठे खुट्ट झालं की बोट माझ्याकडे. तेवढं ओझं मला नको."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर पुतणीने दिलं. तिने विचारलं, "ताई, तुझ्या लग्नात करा घेऊन मागे कोण उभं होतं?" २०१४ ची गोष्ट, पुतणी तेव्हा आठवीत. "मी होते ना? मग तुझ्यावर जे आलं, ते माझ्या पायगुणाने आलं का?" भाची एकदम म्हणाली, "काहीतरीच काय बोलतेस!" आणि मग दोघी बराच वेळ रडल्या. मी चहा टाकायला उठले.

विहीणबाईंना कळवायचं काम माझ्याकडे आलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवांवरच्या असल्या प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सुचवलं, ही सगळी माहिती मी पाठ करून फोन लावला. विहीणबाई मधेच म्हणाल्या, "आमची करवली आम्ही आणू, तुमची तुम्ही ठरवा. मुहूर्त तेवढा वेळेवर लागू दे." झालं! ज्या लोकांना आपण इतकं भितो, ते लोक पुष्कळदा मुहूर्ताच्या आणि पंगतीच्या काळजीत असतात. सगळेच तसे नसतात, हेही खरं. तुमच्या विहीणबाई वेगळ्या असतील तर लग्नाच्या आधी पंधरा दिवस, माणसांत नव्हे, दोघींनीच बसून बोलावं. आयत्या वेळी मांडवात हा विषय काढू नये; त्यात हाल त्या करवलीचे होतात.

आता थोडं कामाचं. करा काठोकाठ भरू नका. तांब्याचा तांब्या, पाणी, आंब्याची पानं, वर नारळ. मंगलाष्टकं लांबली की हात भरून येतो. अर्धा भरला तरी शास्त्र होतं. लहान मुलीला द्यायचा तर छोटा गडूच द्यावा. दिवा घेऊन उभी राहणारी असेल तर तिला सिंथेटिक साडी नको. सुती किंवा रेशमी, पदर पिन लावून घट्ट, केस बांधलेले. लॉन्सवर वारा फार असतो, तेव्हा वात जाड करावी आणि दिव्याला काच असावी. विझला तर परत लावावा, त्याचा गवगवा करू नये. आणि करवलीला आधी खायला घाला. नवरीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, ही बापडी मात्र सकाळपासून उपाशी उभी असते.

नवऱ्याकडच्या करवलीचा मान वेगळा. वरात घरी आली की ती दार अडवते आणि भावाकडे त्याची मुलगी सून म्हणून मागते. नुसती थट्टा नाही बरं का ती. मामाची मुलगी करायची चाल आपल्याकडे जुनी. इरावतीबाई कर्वे, त्याच कर्व्यांच्या सूनबाई, यांनी नात्यांवरच्या १९५३ सालच्या इंग्रजी ग्रंथात तिचा विचार केला आहे. आमच्या जावयाच्या बहिणीने दार अडवलं तेव्हा पुतणी म्हणाली, "मुलगी झाली तर तिलाच विचारा." सगळे हसले.

लग्न गेल्या रविवारी झालं. भाची आमसुली साडीत करा घेऊन उभी राहिली. गुरुजींनी मागे वळून पाहिलं. माझा जीव खालीवर झाला. ते म्हणाले, "ताई, जरा डावीकडे सरका, अंतरपाट लागतोय." मागच्या खुर्चीवर कोणीतरी कुणाच्या तरी कानाला लागलं, ते मी पाहिलं. त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. पाठराखीण मात्र आम्ही धाडली नाही. मुलगी पंचविशीची, सासर नाशिकरोडला, तासाभराच्या आत.

सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पुतण्या-नातवंडांच्या मधोमध. कोठीची किल्ली माझ्या कमरेला. अष्टकं चालू असताना आचाऱ्याने तूप मागितलं म्हणून मी दोनदा आत जाऊन आले.