निम्मी फी माफ, पण कुठल्या फीच्या निम्मी?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाळी सुटताना कुणाशी बोलायचे म्हणजे आवाज चढवावा लागतो. मागांच्या खडखडाटात आठ-दहा तास काढलेला माणूस स्वतःही मोठ्यानेच बोलतो. गेल्या महिन्यात तिथल्या चहाच्या टपरीवर टॉवेल कारखान्यात काम करणाऱ्या एका भाईंनी मात्र अगदी हळू आवाजात विचारले, "हा कागद जरा वाचून सांगा. मुलीला पाठवू का नको?"

कागद पुण्याकडच्या एका छोट्या खासगी विद्यापीठाचा होता. बारावीच्या गुणांवर मुलीला 50 टक्के स्कॉलरशिप, शाखा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, जागा राखायची तर शनिवारपर्यंत 25 हजार भरा. घरात आनंद होता. मुलीची अम्मी शेजारणींना सांगून आली होती. भाईंनी 25 हजारांची सोयही केली होती, उसनवारीने.

2025 च्या मे महिन्यात याच वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. आपली मुले मागावर नकोत, ही ओढ इथल्या घरांत आधीपासून होती. आता तिला धास्तीची जोड आहे. असा कागद हाती आला की बाप हिशेब करत बसत नाही. आम्ही तो टपरीवरच केला.

वर्षाची फी 3 लाख. निम्मी माफ, म्हणजे भरायचे दीड लाख; 4 वर्षांचे 6 लाख. हॉस्टेल, खानावळ, परीक्षा फी वेगळी. शिवाय बारीक अक्षरात अट होती की दरवर्षी ठरावीक गुण पडले तरच सवलत पुढे चालेल. ही स्कॉलरशिप म्हणजे कुणी बाहेरून दिलेला पैसा नव्हे. संस्थेने स्वतः ठरवलेल्या किमतीत स्वतःच दिलेली ती सूट आहे. चादरीच्या दुकानातली सूट आपण ओळखतो, इथे मात्र भुलतो.

आता दुसरी बाजू. 2024-25 पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस गटातली हवी, घरचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत हवे आणि प्रवेश सरकारच्या कॅप फेरीतून झालेला हवा. खासगी विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि मॅनेजमेंट कोटा यांना ही सवलत नाही. म्हणजे भाईंची मुलगी सोलापुरातल्याच एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॅपमधून लागली, तर शिक्षण फी शून्य. मुलांना शिक्षण फीच्या निम्मी रक्कम मिळते, पण वाट तीच, कॅपची. मुलीने सीईटी दिली होती. शनिवारी 25 हजार भरून ती त्या वाटेवरून उतरणार होती.

खरी अडचण पुढे आहे आणि ती आपल्याच घरांची आहे. मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मणियार या बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसीत येतात. पण शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. मग जातीचा दाखला अडतो आणि त्याच्यामागे जात पडताळणीही. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा पाहतात: आजोबांचा किंवा त्यांच्या भावाचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, एखादे जुने खरेदीखत. त्यावर बिरादरीचे नाव असेल तर तो कागद सोन्याचा समजा. मुलगी अकरावीत गेली की ही शोधाशोध सुरू करावी. बारावीच्या निकालानंतर फार उशीर होतो. ज्यांची बिरादरी ओबीसीत येत नाही, त्यांनी तहसीलमधून ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र काढावे. ओबीसीत येणाऱ्यांना ते मिळत नाही, आणि सेतू केंद्रात इथेच घोळ होतो.

राहिला कमाईचा प्रश्न. कागदावर मोठ्या अक्षरात वर्षाला 18 लाखांचे पॅकेज छापले होते. एका मुलाचे! बाकीच्यांचे काय? देशाच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली माहिती वेबसाइटवर ठेवावी लागते. त्यात किती मुले वेळेत पास झाली, कितींना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यम पगार किती, हे असते. सगळे पगार लहान-मोठे ओळीने मांडले तर बरोबर मधला येतो तो मध्यम पगार. तुमच्या मुलीला लागू पडण्याजोगा आकडा तोच. किती मुलांची पूर्ण फी सरकारने भरली आणि किती मुलांची संस्थेने, हेही त्याच कागदात सापडते. या विद्यापीठाची पहिली तुकडी अजून बाहेरच पडलेली नव्हती; 18 लाखवाला मुलगा त्यांच्या दुसऱ्या शहरातल्या जुन्या कॉलेजचा होता.

समजा मध्यम पगार वर्षाला 3 लाख आहे, म्हणजे महिन्याला 25 हजार. 5 लाखांचे कर्ज 10 टक्क्यांनी घेतले आणि 5 वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता साडेदहा हजारांच्या वर जातो. पुण्यातले खोलीभाडे देऊन मुलगी घरी काय पाठवणार? व्याजामुळे अनेक घरे बँकेची पायरीच चढत नाहीत. त्या बाबतीत आपापल्या आलिमांना विचारावे, आम्ही फतवा देणारे कोण? जमातीच्या जकात फंडातून किंवा कर्जे हसनातून मदत मिळत असेल, तर ती थेट कॉलेजच्या खात्यात भरायला सांगावी आणि पावती जपावी.

आणि एक. कोणत्याही संस्थेने मूळ दाखले ठेवून घ्यायचे नाहीत, असा यूजीसीचा आदेश आहे. दाखवून परत घ्या.

भाईंनी शनिवारी पैसे भरले नाहीत. अम्मी दोन दिवस आमच्यावर नाराज होती म्हणे. मग आजोबा ज्या उर्दू शाळेत शिकले तिथे भाई गेले आणि जुने रजिस्टर काढायला लावले. 1958 ची नोंद निघाली. आजोबांच्या नावापुढे नुसते 'मुसलमान', पण दोन पाने पुढे त्यांच्या धाकट्या भावाच्या नावापुढे 'मोमीन'. त्या पानाची नक्कल काढून, जातीच्या दाखल्याचा अर्ज आता तहसीलमध्ये दिला आहे.