दत्तकाच्या बाजूचा वकील

झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ च्या नोव्हेंबरात, मृत्यूच्या आदल्या दिवशी, पाच वर्षांच्या आनंदरावास दत्तक घेऊन त्याचे दामोदरराव असे नाव ठेविले. ते दत्तविधान कंपनी सरकारने नामंजूर केले, तेव्हा राणी लक्ष्मीबाईंनी जॉन लँग या वकिलास सल्ल्यासाठी झाशीस पाचारण केले. दाद मिळाली नाही; परंतु प्रश्न संस्थानाच्या वारशाचा असल्यामुळे दत्तकाच्या बाजूने बोलणारा वकील निदान शोधला गेला. ज्या दत्तकामागे गादी नाही, जहागीर नाही, केवळ एक मूल आणि त्याला सोडून जाणारी असहाय माता आहे, तेथे वकीलपत्र कोणी दाखल करावे, हा प्रश्न यंदाचा दीपावली अंक वाचकांच्या हाती देताना आम्हांस मांडावासा वाटतो.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यान्वये अशी माता बाल कल्याण समितीपुढे येते, चौकशी व समुपदेशन झाल्यावर मुलावरील हक्क सोडल्याच्या दस्तावर सही करते, आणि फेरविचारासाठी तिला दोन महिन्यांची मुदत मिळते. तजवीज विचारपूर्वक केलेली आहे, यात संशय नाही. तथापि घरच्यांपासून बाळंतपण लपवून आलेल्या तरुणीस त्या सहीचे परिणाम समजावून सांगणारे माणूस पुष्कळदा त्याच संस्थेचे असते, जिच्या ताब्यात ते मूल जावयाचे असते. आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाने प्रत्येक स्त्रीस व प्रत्येक बालकास, उत्पन्नाची अट न घालता, मोफत वकिलाचा हक्क दिलेला आहे, ही गोष्ट त्या घटकेस तिच्या कानी घालणारे कोणी नसले, तर तो हक्क असून नसल्यासारखाच.

१ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा हुकूम न्यायाधीशांऐवजी जिल्हाधिकारी देतात. हुकूम दोन महिन्यांत व्हावा, ही अपेक्षा रास्तच आहे. वय व समज पाहून मुलाची इच्छा लक्षात घ्यावी, असेही कायदा सांगतो. पण सात-आठ वर्षांच्या मुलाची इच्छा जर संस्थेच्याच कागदांतून कचेरीत पोहोचत असेल, तर ती त्याचीच आहे हे कशावरून मानावे?

दस्तावर सही होण्यापूर्वी वकिलाने मातेस एकांतात भेटावे, आणि समजत्या मुलाचे म्हणणे स्वतंत्र वकिलामार्फत लेखी रुजू झाल्याखेरीज हुकूम निघू नये, एवढीच आमची मागणी आहे. असे वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर आजही आहेत.