भस्मासुर नव्हे, पोरकं

परवा एका व्याख्यानात पुन्हा तेच कानावर आलं. 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणजे पाश्चात्त्यांचा भस्मासुर. माणसाने देवाच्या कामात लुडबुड केली की असं होतं, सबब विज्ञानाला वेसण घाला. जाता जाता डॉ. जेकिल आणि डॉ. मोरो या कादंबऱ्यांतल्या दोन शास्त्रज्ञांनाही त्याच दावणीला बांधून झालं. टाळ्या पडल्या. शाळेत 'विज्ञान : शाप की वरदान' या निबंधालाही दहापैकी सात मार्क असेच पडायचे.

तो 'भस्मासुर' मला फार खुपतो. भस्मासुराने तप करून वर मागून घेतला आणि पदरात पडताच तो देणाऱ्याच्याच मागे धावला. मेरी शेलीच्या कादंबरीतल्या जिवाने काय मागितलं होतं? इंगोलश्टाटमधल्या एका खोलीत, नोव्हेंबरातल्या रात्री त्याने डोळे उघडले, आणि जवळजवळ दोन वर्षं खपून त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरने ते पिवळे डोळे पाहून पळ काढला. जाऊन चक्क अंथरुणावर पडला. ते लेकरू (उंची आठ फूट असेल, वय काही तासांचं) मागोमाग आलं, पलंगाचा पडदा सारून वेडंवाकडं हसलं, हात पुढे केला. व्हिक्टर पुन्हा पळाला. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी दिसली तेव्हा या विद्वानाने आनंदाने टाळ्या पिटल्या. पुढे त्या अनाथाने एका घराला लागून असलेल्या खोपटात दडून, फटीतून बघत भाषा शिकून घेतली, मिल्टन वाचला, घरच्यांच्या नकळत त्यांच्यासाठी रात्री लाकडं आणून टाकली. घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी माणसासारखा बोलला. डोळस मंडळी परतली आणि काठी चालली. पहिला खून त्यानंतरचा. त्या खुनासाठी व्हिक्टरच्या घरची निरपराध मोलकरीण जस्टीन फासावर जाते. खरं काय ते व्हिक्टरला ठाऊक असतं, पण लोक वेडा म्हणतील म्हणून तो गप्प. याला महत्त्वाकांक्षा म्हणतात होय? आमच्याकडे पळपुटेपणा म्हणतात.

लिहायला बसली तेव्हा, १८१६ साली, मेरी अठरा वर्षांची होती. आदल्याच वर्षी तिची पहिली मुलगी थोड्याच दिवसांत दगावली होती. स्वतः मेरीला जन्म देऊन तिची आई काही दिवसांत गेली होती. अशा बाईने 'जीव घडवू नका' एवढंच सांगायला तीन खंड खर्ची घातले, हे मला पटत नाही.

१८३१च्या प्रस्तावनेत तिने ईश्वराच्या कृतीची नक्कल करण्याला भयंकर म्हटलंय, हे कबूल. पण कादंबरी १८१८ची आहे. त्या जिवाच्या डोक्यात बसवलेला गुन्हेगाराचा मेंदू तर १९३१च्या सिनेमातला, पुस्तकात त्याचा पत्ता नाही. जेकिलला ज्ञान नको होतं, अब्रू सांभाळून चैन हवी होती. मोरोपुरतं वक्त्यांचं थोडं मान्य करतो. मात्र हा क्रूर गृहस्थ कादंबरीकार वेल्सने १८९६ साली एका बेटावर नेऊन ठेवला. इंग्लंडात जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांना १८७६पासून परवाना लागायचा. बेटावर कोण विचारतो?

मग भीती कशाची धरायची? माझ्या मते बंद खोलीची. त्या दोन वर्षांत व्हिक्टर घरच्या पत्रांना उत्तर देत नव्हता. त्याच कादंबरीतला, उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन त्याच्याइतकाच झपाटलेला, पण तो बहिणीला पत्रं लिहीत होता आणि त्याच्या जहाजावर खलाशी होते. बर्फात अडकल्यावर ते तोंडावर म्हणाले, वाट मोकळी झाली की मागे फिरायचं. तेव्हा मरणपंथाला लागलेल्या व्हिक्टरने उठून त्यांना शौर्यावर भाषण दिलं. भाषण उत्तम झालं, खलाशी गहिवरले. दोन दिवसांनी वॉल्टनने मागे फिरायला होकार दिला.