पत्रके रद्दीत घालू नका

कोरेगाव भीमाचा जयस्तंभ दगडी आहे, म्हणून टिकला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर तिथे आले, त्यांची त्या काळातली चळवळ मात्र साध्या छपाईच्या कागदावर उतरत होती. १९२० मध्ये ‘मूकनायक’, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’. आंबेडकरांचे चरित्रकार चांगदेव खैरमोडे यांनी अशी साधने चिकाटीने जमवली. त्यांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला, म्हणूनच पुढच्या संशोधकांच्या हाती लागला. पुस्तकाची दुसरी प्रत मिळते, घडीवर विरलेल्या पत्रकाची बहुधा नाही. अशा संग्रहांसाठी जाणकार माणूस आणि नीट सूची हवीच. विद्यापीठांनी इथे हात आखडता घेऊ नये.

वाचकहो, कोरेगाव भीमाच्या परिसरात, शिरूर-दौंडकडे आजोबांच्या ट्रंकेत जुनी पत्रके असतील, तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला कळवा.