फडक्याखालची भाकरी

परगावी गेल्यावर तिथलंच खावं, असं आपण सगळेच म्हणतो. पण ते पाहुण्याच्या पानात येऊ देत नाही ते यजमानाचं अगत्यच, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या हिवाळ्यात भुसावळला जाणाऱ्या गाडीत एका निवृत्त शिक्षक दांपत्याशी ओळख झाली. मनमाड येईपर्यंत त्यांचा डबा मी अर्धा संपवला होता. "आता घरी आल्याशिवाय सोडायचो नाही," गुरुजी म्हणाले. यावल तालुक्यातलं त्यांचं गाव. गेलो.

पहिल्या रात्री पानात पनीरची भाजी, बाजारचे नान आणि डब्यातलं श्रीखंड! सारं इतक्या प्रेमानं वाढलेलं, की मी "वा, वा" करत जेवलो. सरळ खोटं बोललो.

सकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात डोकावलो, तर वहिनी काळपट भाकरी भाजत होत्या. मला पाहताच त्यांनी ती टोपल्यात फडक्याखाली सरकवली. "ही आमच्यापुरती हो." कळण्याची भाकरी होती ती, ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून केलेली. मी तिथेच पाटावर बसलो. ठेचा, वर कच्चं तेल, फोडलेला कांदा. दोन भाकऱ्या कुठे गेल्या कळलं नाही.

मग संध्याकाळी मळ्यात भरताचा बेत ठरला. बामणोदकडची मोठाली, फिकट हिरवी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजली, सोलून लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचली. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि तेल मोकळ्या हातानं. केळीच्या पानावर ते भरीत आलं तेव्हा धुराचा वास अजून त्यात होता. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मी ते कौतुकानं सांगितलं, तर वहिनी म्हणाल्या, "असेल. पण पाहुण्याला वांगं कसं वाढायचं?"

ही लाज त्यांच्या घरात आपण नेली आहे. आपण शहरातले पाहुणे पनीरला दाद देतो आणि भाकरीला 'गावाकडची गंमत' म्हणतो. यजमान बिचारा दाद मिळते तेच पुढच्या खेपेला रांधतो. पाहुण्यानं निर्लज्जपणे विचारावं, "तुम्ही आज काय जेवणार आहात? तेच मला वाढा."

एवढं शहाणपण आलं, तरी आषाढात ते दोघं पुण्याला आमच्याकडे आले तेव्हा मी सवयीनं म्हणालो, "श्रीखंड आणू या." बायकोनं फक्त माझ्याकडे पाहिलं. मी माण तालुक्यातला. ज्या हुलग्याच्या माडग्यावर वाढलो, ते चाळीस वर्षांत एकाही पाहुण्याला दिलेलं नव्हतं. हुलगे तिसऱ्या दुकानात मिळाले.

माडगं जरा दाटच झालं. गुरुजींनी "वा!" म्हणत वाटी पुन्हा पुढे केली. खरंच आवडलं, की माझ्या त्या पहिल्या रात्रीसारखंच, हे मी अजून विचारलेलं नाही.